धरून ठेवलेली ओळ

"कीबोर्ड एकच आहे," कर्णिक सर म्हणाले, "आणि जागाही एकच आहे. दोन्हींचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

विनोद त्यांचा त्यांना आवडला असावा. आम्ही दोघं हसलो ते उमेदवार म्हणून.

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या एका इमारतीचा चौथा मजला होता. काचेची खोली, मधोमध टेबल, टेबलावर एक कॉम्प्युटर, दोन कोरे कागद, दोन पेनं. सकाळी आम्ही सत्तावीस जण होतो. लेखी परीक्षेत बरेच गळाले, पहिल्या मुलाखतीत उरलेले गेले, आणि दुपारी दोन वाजता या खोलीत दोघंच शिल्लक राहिलो. एक मी, सोपान खरमाळे, जुन्नर तालुक्यातल्या माळेवाडीचा. दुसरी हर्षदा लोटलीकर. पुण्यातच वाढलेली, पुण्यातल्याच चांगल्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. तिचं इंग्रजी नळाच्या पाण्यासारखं यायचं. माझं टँकरसारखं, आलं तर आलं.

कर्णिक सर या कंपनीचे तांत्रिक प्रमुख. कोपऱ्यात वही घेऊन लीना मॅडम बसल्या होत्या. त्या टेस्टिंग बघायच्या, म्हणजे इतरांनी बनवलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या. सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"हा बस रिझर्व्हेशनचा प्रोग्राम आहे," सर म्हणाले. "चांगला चालतो. फक्त महिन्यातून दोनचार वेळा एकच सीट दोन माणसांना विकली जाते. मग गाडीत भांडणं. असं का होतं ते शोधा आणि दुरुस्त करा. पन्नास मिनिटं. कीबोर्ड कोणीही, केव्हाही मागू शकतो. मागितला की दुसऱ्याने द्यायचा. कळलं?"

"हो सर," मी म्हणालो. हर्षदाने तेच इंग्रजीत सांगितलं, आणि खुर्ची पुढे ओढून कीबोर्डसमोर बसली.

"तुम्हीच करा सुरुवात," मी म्हणालो.

"तुम्ही काय? तू म्हण. आणि मी बसलेच आहे."

माझं काय पणाला लागलं होतं ते आधीच सांगून टाकतो. त्या काळी नवख्या इंजिनियरला घेताना बहुतेक कंपन्यांची एक अट असायची, पास होऊन तीन वर्षांच्या वर झालेली नसावीत. माझी तीन वर्षं पुरी व्हायला एकोणीस दिवस उरले होते. तोवर बावीस ठिकाणी नकार आला होता. तालुक्याच्या गावी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होतो. पोरांना माउस कसा धरायचा, पत्र कसं टाइप करायचं, हे. त्यात कमीपणा नाही, पण मी शिकलो होतो त्यातलं काहीच तिथे लागत नव्हतं. एकोणीस दिवसांनी ते दार बंद झालं असतं, आणि या एकोणीस दिवसांत दुसरी कुठली मुलाखत माझ्या हातात नव्हती. आमचे तात्या गावात पिठाची गिरणी चालवायचे. दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "सोपान आज पुण्याला गेलाय." म्हणजे परत आल्यावर मला अख्ख्या गावाला उत्तर द्यायचं होतं.

हर्षदा प्रोग्राम वाचत होती आणि वाचता वाचता बोलत होती. कर्णिक सरांकडे बघून, हात हलवून, कुठला भाग काय करतो ते सांगत होती. मी नुसता वाचत होतो. बारा मिनिटं झाली असतील, आणि मला चूक दिसली.

यात माझी हुशारी थोडी आणि आमच्या क्लासची कृपा जास्त. क्लासमध्ये हजेरीची एकच फाइल दोन कॉम्प्युटरवरून उघडायचो. दोघांनी एकाच वेळी उघडली की एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या लिहिण्याखाली पुसलं जायचं. दोन वर्षं मी त्या दुखण्याशी झटत होतो. इथे तेच होतं. एका खिडकीवरचा कारकून प्रोग्रामला विचारतो, बारा नंबरची सीट रिकामी आहे का. प्रोग्राम बघतो, हो म्हणतो. मग कारकून प्रवाशाचं नाव विचारतो, वय विचारतो, कुठे उतरणार विचारतो, आणि शेवटी नोंद करतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या गावच्या खिडकीवरच्या कारकुनाने तीच सीट विचारली, तर त्यालाही प्रोग्राम हो म्हणतो, कारण पहिल्याची नोंद अजून झालेलीच नाही.

मी कागदावर लिहिलं, "बघणं आणि नोंदवणं यांच्यामध्ये फट. बघतानाच सीट धरून ठेवायला हवी." आणि पेन खाली ठेवलं.

तेव्हाच बोललो का नाही? खरं सांगतो, इंग्रजीच्या भीतीने. ती इतकी सुरेख बोलत होती की तिचं वाक्य तोडून आपलं अडखळतं वाक्य मध्ये घुसवायला जीभ उचलेना. श्वास घ्यायला थांबली की बोलू, असं म्हणत राहिलो.

ती थांबली ते तिसाव्या मिनिटाला. सीटचे नंबर मोजण्यात घोळ आहे असं धरून ती एका आडरानात शिरली होती. तिने तो भाग बदलून पाहिला, प्रोग्राम चालवला, पुन्हा एकच सीट दोघांना गेली. अजून एक बदल केला. पुन्हा तेच. मग तिचं बोलणं बारीक होत गेलं आणि बंद पडलं. बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. डावा हात ओढणीच्या टोकाकडे गेला आणि ते टोक पिळू लागला.

कर्णिक सरांनी घड्याळ बघितलं.

आता बोलायला हवं होतं. तिच्या तोंडात वाक्य नव्हतं, मी कोणाचं काही तोडत नव्हतो. एवढंच म्हणायचं, कीबोर्ड दे. चार ओळी लिहायला मला पाच मिनिटं पुरली असती. माझा हात टेबलावरून वीतभर पुढे सरकलाही होता. मग माझी नजर त्या ओढणी पिळणाऱ्या बोटांवर पडली आणि तोंडून भलतंच निघालं.

"घ्या माउली," मी म्हणालो.

"काय?" हर्षदा वळून बघत राहिली.

कर्णिक सरांच्या भुवया वर गेल्या. "काय म्हणालात?"

"काही नाही सर. सवय आहे. म्हणजे… हर्षदा, ही ओळ एकदा वाचू या का?" मी पडद्यावर बोट ठेवलं. प्रोग्राम इंग्रजीत होता, पण मी मराठीत वाचलं. "सीट रिकामी असेल, तर नाव घे."

"ते ठीक आहे रे. त्यात काही चूक नाही."

"नाही ना. पण वाचू या. सीट रिकामी असेल, तर…"

"तर नाव घे. मग?"

"मग काही नाही. सीट रिकामी असेल, तर…"

आता ती चिडली. "तू मला पहिलीतल्यासारखं वाचायला लावतोयस. तुला काही सुचलंय का? सुचलं असेल तर बोल ना."

"तू वाच," मी म्हणालो. "मी धरतो."

मी काय बोललो ते मला कळत होतं, तिला कळण्याचं कारण नव्हतं. मी ती ओळ चौथ्यांदा म्हणालो. या वेळी थोडी हळू, 'तर'वर जराशी लांबवलेली. टेबलाखाली माझा पाय ताल धरत होता हे मला नंतर लीना मॅडमनी सांगितलं. हर्षदाने वैतागून पडद्याकडे बघितलं, ओठांतल्या ओठांत ओळ म्हटली, आणि 'तर'पाशी गप्प झाली.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबलो.

"या 'तर'च्या आधी बघतो. आणि नोंद करतो ते… ते केवढं खाली. मध्ये नाव, वय, उतरण्याचं ठिकाण, सगळंच विचारतो." तिचा आवाज परत आला, आणि या वेळी तो मराठीत आला. "अरे, मध्ये तर कोणीही येईल. दुसऱ्या खिडकीवरचा येईल. सीट बघतानाच धरून ठेवायला हवी."

"हो," मी म्हणालो.

तिची बोटं धावायला लागली. मी फक्त कुठे कंस राहिला, कुठे स्पेलिंग चुकलं, तेवढं सांगत होतो. बदल झाला, प्रोग्राम चालवला, सीट एकदाच विकली गेली. मला वाटलं झालं. पण ती कीबोर्डवरून उठेना.

"नाही, अजून आहे," ती म्हणाली. "सीट धरली, आणि प्रवासी पैसे आणायला जातो म्हणून निघून गेला तर? ती सीट कायमची धरलेलीच राहील. गाडी रिकामी धावेल. पाच मिनिटांत नोंद झाली नाही तर सोडून द्यायला हवी."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ते माझ्या कागदावर नव्हतं. माझ्या डोक्यातही नव्हतं.

एकोणपन्नासाव्या मिनिटाला तिने हात कीबोर्डवरून काढले.

*

मग एकेकाला बोलावलं. आधी मला. हर्षदा बाहेर बाकावर बसली, काचेतून तिची पाठ दिसत होती.

माझा कागद कर्णिक सरांच्या हातात होता. त्यांनी तो वाचला आणि लीना मॅडमकडे सरकवला. मॅडमनी वाचलाच नाही. वही उघडून म्हणाल्या, "बाराव्या मिनिटाला यांनी हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. नंतर कागदावर काही नाही."

सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"उत्तर तुम्हाला बाराव्या मिनिटाला माहीत होतं," सर म्हणाले. "आणि पस्तिसाव्या मिनिटापर्यंत तुम्ही एकच ओळ म्हणत बसलात. का?"

मी इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर क्रियापद सापडेना.

"मराठीत बोला," लीना मॅडम म्हणाल्या. "मघाशी छान बोलत होतात."

"सर, मी टाळकरी आहे," मी म्हणालो.

"काय आहात?"

"कीर्तनात महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभे असतात, ते. अकरा वर्षांचा असल्यापासून उभा राहतो. आमच्या गावात गबाजीबुवा म्हणून आहेत, ते आमचे म्होरके. त्यांनी शिकवलं. कीर्तन करताना महाराज कधी कधी अडतात, सर. मोठे मोठे अडतात. पुढचं चरण आठवत नाही, नाहीतर सांगता सांगता इतके लांब जातात की परत कुठे यायचं तेच सुटतं. समोर हजार माणसं बसलेली असतात. अशा वेळी मागच्याला पुढचा शब्द माहीत असतो. पण तो फेकायचा नाही."

"का नाही? शब्द सांगितला की काम झालं."

"शब्द मिळतो सर, पण माणूस पडतो. मागून शब्द आला की सगळ्यांना कळतं, महाराज विसरले. आणि महाराजांनाही मग पुढे आपलं काही सुचत नाही, ते आमच्याकडे बघत राहतात. म्हणून ज्या ओळीवर ते थांबले, तीच ओळ आपण उचलायची आणि गात ठेवायची, याला आम्ही ओळ धरणं म्हणतो. लोकांना वाटतं, रंग भरलाय म्हणून परत परत गातायत. तेवढ्या वेळात महाराजांना वाट सापडते. त्यांची त्यांना. आणि पुष्कळदा, सर, ते विसरलेलं सोडून त्याहून चांगलं काहीतरी बोलून जातात. आम्हालाही माहीत नसलेलं."

मी थांबलो. एवढं सलग मी सकाळपासून बोललो नव्हतो.

"आजही तसंच झालं," मी म्हणालो. "धरलेली सीट पाच मिनिटांनी सोडायची, हे मला सुचलं नव्हतं. मी कीबोर्ड घेतला असता तर तुमचा प्रोग्राम अर्धाच दुरुस्त झाला असता."

कर्णिक सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे ऐकायला गोड आहे, सोपान. पण आमच्याकडे कीर्तन नसतं. दिवाळीच्या गर्दीत हा प्रोग्राम बंद पडतो तेव्हा स्टँडवर माणसं ताटकळत उभी असतात, आणि इथे फोन वाजत असतो. तेव्हाही तुम्ही शेजाऱ्याला ओळ वाचायला लावणार?"

"तेव्हा मी कीबोर्ड मागेन, सर."

"मग आज का नाही मागितलात?"

"आज स्टँडवर कोणी उभं नव्हतं. आज फक्त तीच उभी होती."

सर म्हणाले, "जागा एक आहे हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुमचा अर्ज माझ्यासमोर आहे. तुम्हाला एकोणीस दिवस उरलेत. हे डोक्यात नव्हतं?"

"होतं की. तेच तर होतं. पाय कापत होते, सर."

लीना मॅडम वहीत बघूनच म्हणाल्या, "कापत नव्हते. ताल धरत होते. मी इथून बघत होते."

"दोन्ही होत असेल, मॅडम."

त्या पहिल्यांदा हसल्या. कर्णिक सर हसले नाहीत. त्यांनी एक छापील कागद पुढे ओढला. "मला इथे एक नाव लिहायचंय. चूक कोणी शोधली? खरमाळे की लोटलीकर?"

माझा कागद तिथेच होता, माझ्या अक्षरातला. मी खरमाळे म्हणालो असतो तर ते खोटं नव्हतं. हे मी आजही स्वतःला बजावून सांगतो, ते खोटं नव्हतं. पण टाळकऱ्याने कीर्तन झाल्यावर मंडपाबाहेर उभं राहून, आज महाराज अडले होते आणि मी सांभाळलं, असं सांगितलेलं मी गबाजीबुवांच्या तालमीत कधी ऐकलं नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती टाळ आले नसते.

"लोटलीकर," मी म्हणालो. "दुरुस्तीही तिचीच आहे. तिचं लिहा."

*

हर्षदा आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर आली. माझ्याशी न बोलता जिन्याकडे निघाली. मी मागोमाग उतरलो. खाली रस्त्याच्या कडेला चहाची गाडी होती, तिथे ती थांबली आणि दोन चहा सांगितले.

"तू मला काय समजतोस?" चहा हातात आल्यावर ती म्हणाली.

"काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारू नकोस. त्यांनी विचारलं, उत्तर सुचलं कसं. मी सगळं आठवत सांगायला लागले, आणि सांगता सांगताच मला कळलं. चार वेळा तू मला त्याच ओळीवर आणलंस. दुसऱ्या कुठल्याही नाही, त्याच. तुला आधीपासून माहीत होतं."

मी चहा फुंकत राहिलो.

"बोल की. आत तर कीर्तन केलंस म्हणे."

"माहीत होतं," मी म्हणालो.

"मग कीबोर्ड घ्यायचा होतास. मी तुझ्या जागी असते तर घेतला असता. सरळ घेतला असता, आणि मला काही वाटलंही नसतं."

"घ्यायलाच पाहिजे होता. हातही पुढे गेला होता."

"मग?"

"सवय."

"सवय," ती म्हणाली. "नोकरीच्या इंटरव्ह्यूत माउली म्हणणारा पहिलाच माणूस बघितला मी." मग रस्त्याकडे बघून म्हणाली, "मी आत सांगून आलेय. उत्तर त्याला आधीच माहीत होतं म्हणून."

"कशाला सांगितलंस? मी तुझं नाव दिलं होतं."

"ते त्यांनी सांगितलं मला. म्हणूनच सांगितलं. तू कोण माझ्या नावावर मार्क टाकणारा? पाच मिनिटांनी सोडायचं ते माझं होतं. तेवढं माझं म्हणून सांगितलं. बाकीचं तुझं." तिने रिकामा ग्लास गाडीवर ठेवला. "आता ज्याचं नशीब असेल ते."

तिची बस आली. ती चढली आणि खिडकीतून तिने हात केला. रागातला होता की निरोपाचा, ते मला कळलं नाही.

चौथ्या दिवशी क्लासमध्ये फोन आला. कर्णिक सर होते. त्यांनी सोमवारी हजर व्हायला सांगितलं, कागदपत्रं कोणती आणायची ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. माझं मत तिला होतं. ती तुमच्याहून हुशार आहे."

"मला माहीत आहे, सर."

"लीना मॅडमनी हट्ट धरला. त्या म्हणाल्या, हुशार माणसं आपल्याकडे सहा आहेत, आणि सहाही एकमेकांच्या हातून कीबोर्ड ओढत असतात. मला पटलेलं नाही. पटवून द्यायला तुम्हाला सहा महिने आहेत."

हर्षदाला त्याच महिन्यात दुसऱ्या कंपनीत जागा मिळाली, आमच्याहून मोठ्या. तिनेच फोन करून सांगितलं. "बघ," म्हणाली, "इथे कोणी मागे उभं नव्हतं, तरी लागले." मी म्हणालो, "ते मला तेव्हाच माहीत होतं." या गोष्टीला चौदा वर्षं होत आली. मी अजून त्याच कंपनीत आहे. कर्णिक सरांना पटलं की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण नवीन आलेला कोणी अडला की ते त्याला माझ्या टेबलाशी पाठवतात. आमचं कौतुक होतं ते एवढंच, आणि मला ते पुष्कळ आहे.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं.

फोन आला त्याच संध्याकाळी मी गावी गेलो. गावात सप्ताह चालू होता, पाचवा दिवस. तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी गिरणीचा पट्टा सोडला, पिठाच्या हातांनीच माझं तोंड कुरवाळलं आणि दळणाच्या डब्यांच्या रांगेकडे बघून म्हणाले, "ऐकलं का गं बायांनो?" बाया हसल्या. आईने देवापुढे साखर ठेवली. मग मी मंडपात गेलो.

कीर्तनाला अजून अवकाश होता. गबाजीबुवा एका बाजूला मांडी घालून टाळांच्या दोऱ्या आवळत होते. तेव्हा त्यांची पंच्याहत्तरी झाली असेल. काळा, लाकडासारखा वाळलेला माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे उभा राहिलेला. आमच्या भागातल्या एकाही कीर्तनाच्या पत्रिकेत त्यांचं नाव छापलेलं मी पाहिलं नाही. महाराजाचं नाव असतं, पखवाजवाल्याचं असतं, अन्नदात्याचं असतं. टाळकऱ्यांना 'समस्त भजनी मंडळ' म्हणतात.

मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं. बस, सीट, कीबोर्ड, माउली म्हणालो ते, लीना मॅडम, सगळं. मला वाटत होतं त्यांचा ऊर भरून येईल. त्यांनी शिकवलेल्या गोष्टीवर मला पुण्यात नोकरी लागली होती, काचेच्या इमारतीत. ते दोरीची गाठ मारत ऐकत राहिले. मध्येच एकदा विचारलं, "पोरीनं गाठली का ओळ, पुढं?"

"गाठली बुवा. माझ्यापेक्षा पुढं गेली."

"झ्याक," ते म्हणाले. गाठ दाताने ओढून घट्ट केली. मग विचारलं, "तिला कळालं का, तू धरतोय म्हणून?"

"तेव्हा नाही. नंतर कळलं. फार चिडली."

"आन् त्या वहीवाल्या बाईला?"

"त्यांना तर तिथेच कळलं."

गबाजीबुवांनी टाळ एकमेकांवर हलकेच टेकवून कानाशी धरला, नाद बघितला आणि खाली ठेवला. "मंग कच्चाच हायेस अजून," ते म्हणाले. "नोकरी लागली ते लई चांगलं झालं. पन कळालं, म्हंजे कच्चं ऱ्हायलं."

मला हसावं की रडावं ते समजेना. त्यांनी उठता उठता माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि उठल्यावरही तो हात काढला नाही. "चल," म्हणाले. "आज माझ्या शेजारी थांब."

त्यांच्या शेजारची जागा रांगेतली दुसरी. मी तोवर कायम सातवा-आठवा उभा राहिलो होतो.

त्या संध्याकाळचे महाराज तरुण होते, लांबून आलेले, नाव झालेलं. कीर्तन असं रंगलं की मंडपाबाहेर चपलांवर माणसं बसली. दोन अडीच तासांत महाराजांनी माणसांना हसवलं, रडवलं, उभं केलं, आणि आम्ही मागे गात होतो. अभंगाचं धृपद कितीदा घोळवलं त्याला गणती नव्हती. दर वेळी गबाजीबुवांचा तो चिरका, पक्का आवाज आधी निघायचा आणि आम्ही त्यावर पाय ठेवायचो. एवढं जवळून मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. महाराज कुठे थांबतात, हात उपरण्याकडे जातो का, नजर मागे वळते का. काही दिसलं नाही.

आरती झाली, माणसं पांगली. बुवा टाळ पुसत होते. मी जवळ गेलो.

"बुवा, आज महाराज कुठं अडले होते का हो?"

"तुला काय वाटलं?"

"मला तर कुठंच नाही वाटलं."

त्यांनी टाळ फडक्यात गुंडाळले, फडकं पिशवीत घातलं, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"बरं झालं," ते म्हणाले.